आधी आभार, मग गाऱ्हाणं

आमच्या गल्लीत मावशींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तोंडावर सगळ्या मावशी म्हणतात आणि पाठ फिरली की आभारमावशी. त्यांना हे ठाऊक आहे. एकदा मीच चिडून विचारलं होतं, "तुम्हाला राग नाही येत?" तर कात्री न थांबवता म्हणाल्या, "येईल कशाला? शिव्या तर देत नाहीत ना? प्रभूचे आभार."

असं सगळ्यालाच. दूध उतू गेलं तर आभार, कारण शेगडी तशीही पुसायचीच होती. वीज गेली तर आभार, कारण डोळ्यांना जरा विसावा. एका नवरीच्या बापाने लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या पांढऱ्याशुभ्र गाऊनवर चहा सांडला आणि आम्ही डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा ह्या म्हणतात, "बरं झालं कॉफी नव्हती." कॉफीचा डाग जास्त घट्ट बसतो हे खरं. पण त्या घटकेला ते कुणाला ऐकायचं होतं?

मावशी शिंपीण. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी पायमशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी पॅटर्न आणि दाराजवळच्या कोपऱ्यात माझं स्टूल. मी काजं करते, बटणं लावते, हातशिलाई करते. मावशींचा नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही. त्या एका मशीनवर त्यांनी घर ओढलं. नवऱ्याला माती दिली त्या दिवशीसुद्धा त्यांनी आलेल्यांचे आभार मानले, मग देवाचे मानले आणि संध्याकाळी कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावायला बसल्या, असं सगळे कौतुकाने सांगतात. मीही पुष्कळ वर्षं कौतुकानेच ऐकलं.

दर बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा भरते. चालवायची पाळकांच्या बायकोने, आम्ही त्यांना पाळकीणबाई म्हणतो. पण त्या बिचाऱ्या मवाळ; खरा कारभार मावशींचा. त्यांनी नियम घालून दिला होता: आधी आभार, मग गाऱ्हाणं. उठायचं, एखाद्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे आणि मगच आपलं दुखणं सांगून प्रार्थना मागायची. जी थेट रडगाण्यावर यायची तिला मावशी थांबवायच्या. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पितळी अंगुस्तान त्यांच्या बोटात नेहमी असायचंच. ते बाकावर वाजवायच्या. टक. की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

नियम वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू? बेकरीवाली पूर्वी नवऱ्याच्या कागाळ्या सांगायला उठली की खाली बसायचं नाव घ्यायची नाही. टक ऐकून ऐकून तीही त्याच्यातलं काहीतरी बरं शोधायला शिकली. "घोरतो, म्हणजे घरी तरी असतो, प्रभू तुझे आभार," असं एकदा म्हणाली, तेव्हा पाळकीणबाईंनासुद्धा हसू आवरेना.

मग माझ्यावर वेळ आली. माझे दिवस भरत आले होते. मावशींच्या दुकानातल्या चिंध्यांतून मी इवलीइवली झबली शिवली होती, त्यांना हाताने काजं केली होती. काज इतकं लहान की बटण आत जाताना अडायचं. आणि बाळ पोटातच गेलं. इस्पितळातून सुट्टी मिळाली, मी घरी आले, छातीत दूध दाटायचं आणि प्यायला कुणी नव्हतं. नवरा माझ्याशी बोलेना, कारण बोलला असता तर तोच आधी रडला असता. तसल्या अवस्थेत मी एका बुधवारी कशीबशी सभेला गेले, उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझं बाळ गेलं."

टक.

मावशींनी मुद्दाम केलं नाही. सवयीने बोट हललं. त्यांचा चेहराही लगेच उतरला, पण त्या थांबल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आधी आभार, पोरी. तू वाचलीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाचले होते हे मला कुणी सांगायला नको होतं, तेच तर सोसवत नव्हतं. मी खाली बसले, पिशवी उचलली आणि निघून आले. बुधवारच्या सभेच्या नावाने कानाला खडा लावला. रविवारच्या उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे, शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायचे. काम मात्र सोडलं नाही. काजं करायला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? दुकानात आमचं बोलणं कापड, दोरा आणि बटणं यापलीकडे जाईना. मावशींनी तो विषय परत कधी काढला नाही. विसरल्या असतील, असं मी धरून चालले आणि त्याचाही मला राग होता.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एके दिवशी मावशी स्वतःसाठी कोट कापायला बसल्या. सगळ्या गल्लीची मापं घेणारी बाई, पण स्वतःचं माप त्यांनी कधी धड घेतलेलं नव्हतं. टेप छातीभोवती फिरवली आणि डाव्या बाजूला हात थांबला. पुन्हा चाचपून पाहिलं. टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि मला म्हणाल्या, "उद्या मी जरा उशिरा येईन." घर आणि दुकान एकच, त्या कुठून उशिरा येणार होत्या?

पुढचं सगळं झपाट्याने झालं. तपासण्या, इस्पितळ, शस्त्रक्रिया. डावं स्तन काढून टाकलं. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे डावा हात सुजला आणि खांद्याच्या वर जाईना. सोबतीला मीच होते, कारण दुसरं कुणी नव्हतं. मनात राग होता म्हणून काय झालं? बाईला इस्पितळात एकटं टाकून मी काजं करत बसणार होते का?

त्या घरी आल्या तशा सभेच्या बायका भेटायला येऊ लागल्या. प्रेमाने येत, डबे आणत, आणि येताना प्रत्येकीने घरून एकेक आभार तयार करून आणलेला असे. "वेळेवर कळलं, देवाचे आभार माना." "एकावरच निभावलं." "उजवा हात वाचला, कात्री चालवता येईल." शिकवलेलंच परत करत होत्या बिचाऱ्या. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या आणि प्रत्येकीला "हो, हो" म्हणायच्या. बायका गेल्या की मला सांगायच्या, "दार लाव."

एकदा दार लावून वळले तर त्या बोटातलं अंगुस्तान काढत होत्या. ते त्यांनी माझ्या बटणांच्या डब्यात टाकलं.

"ठेव तुझ्याकडे. मला नको."

"शिवताना लागेल की."

"कोण शिवतंय?"

मला खरं तर सुख वाटायला हवं होतं. बसला ना फटका, आता कळेल, असं. थोडंसं वाटलंही, नाही कशाला म्हणू? पण ते टिकेना. ही बाई जेवायच्या आधी डोळे मिटेनाशी झाली होती. घास समोर घेऊन नुसती बसायची, आणि मग न मागता, न मानता खायला लागायची. मशीनवर कापड पडलेलं, त्यावर धूळ. मला तिच्या आभारांचा वीट आला होता, पण ते नसलेलं घर मला बघवेना.

डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्यायची. जिथे पोचतील तिथे मी शिंप्याच्या खडूने रेघ मारायचे. पहिल्या दिवशी रेघ त्यांच्या छातीशीच होती. दुखायचं फार. ओठ दाबून उभ्या राहायच्या. मी शेजारी उभी राहायचे, खडू घेऊन, तोंड बंद ठेवून.

अशाच एका दिवशी, बोटं भिंतीवर असतानाच त्या म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तू काही बोलत नाहीस."

"काय बोलू?"

"तेच तर. पाळकीणबाई म्हणतात बुधवारी या, सगळ्या वाट बघतायत. येऊन काय करू? उठले तर आधी आभार मानायला हवेत. आणि ते तोंडात येत नाहीत गं. खोटे मानायचे का? देवासमोर? आणि आभार न मानता तिथे बोलता येत नाही. नियम माझाच."

मी म्हटलं, "मग नका बोलू. नुसत्या बसा."

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला. "मला त्याच्याशी बोलायचंय. इतकी वर्षं मी त्याचे आभारच मानत आले. दुसरं काही बोलायचं झालं तर कुठून सुरुवात करतात, तेच मला माहीत नाही."

मी भिंतीवर रेघ मारली. पण घरी जाताना मला रडू आलं, आणि कितीतरी दिवसांनी ते माझ्यासाठी नव्हतं.

इकडे सभेच्या बायकांचं काहीतरी गुपचूप चाललं होतं. मला त्यांनी त्यात घेतलं नाही, कारण मी सभा सोडलेली. घेतलं असतं तर पुढचा घोटाळा झाला नसता, आणि आज वाटतं, नाही घेतलं तेच बरं झालं. त्यांनी ठरवलं की मावशींसाठी आतून घालायची बॉडीस शिवायची. गेलेल्या बाजूला आत कापसाची गादी बसवायची, म्हणजे झगा नीट बसेल. कल्पना सोन्यासारखी. पण शिवणार कोण? गल्लीतल्या एकीलाही सरळ टीप मारता येत नाही, कारण फाटलं-उसवलं की सगळ्या मावशींकडेच धावत आल्या. तरी जमल्या. पाळकीणबाईंनी मऊ गुलाबी कापड आणलं, बेकरीवालीने कापूस पाव मळावा तसा मळून गोल केला. मावशींचा एक जुना झगा कुठूनसा मिळवला, टेबलावर उताणा पसरला आणि त्यावरून माप घेतलं.

मग सगळ्या मिळून आल्या. पुडकं मावशींच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी दोरा सोडला, बॉडीस उचलली, उलटी केली, सुलटी केली. टीप अशी वाकडी की बघून माझे हात शिवशिवले. मावशी एकेक शिवण बोटाने चाचपत गेल्या आणि गादीपाशी थांबल्या. मग त्यांनी ती बॉडीस कपड्यांवरूनच छातीशी धरली.

गादी उजव्या बाजूला होती.

झगा उताणा ठेवला की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. शिवणाऱ्याला हे झोपेतही कळतं. यांनी आपापल्या डाव्या हाताकडे बघून खूण केली होती.

पाळकीणबाईंचा चेहरा पांढराफटक. बेकरीवाली म्हणाली, "अरे देवा."

"बायांनो," मावशी म्हणाल्या, "माझं उजवं जागेवर आहे गं. त्याच्यावर अजून एक चढवलंत?"

आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग पोट धरून. टाके दुखतात म्हणून डावी बाजू हाताने दाबून धरली तरी थांबेनात. "हे घालून बाहेर पडले असते तर एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे माळरान!" बेकरीवाली फुटली, पाळकीणबाई फुटल्या, मी भिंतीला टेकून खाली बसले. हसताहसता मावशींचा आवाज कधी बदलला ते कळलंच नाही. ती बॉडीस तोंडावर धरून त्या रडत होत्या. मोठ्याने, लहान पोरासारख्या. मी त्यांच्याकडे काम करायला लागल्यापासून पहिल्यांदा.

एकीचं तोंड उघडलं. काहीतरी चांगलं सांगायला, आभाराचं, सवयीने. पाळकीणबाईंनी तिचा हात धरला आणि मान हलवली. मवाळ बाई, पण त्या दिवशी तिने फार मोठं काम केलं. सगळ्या गप्प बसून राहिल्या. मावशींना पोटभर रडू दिलं.

"नवरा गेला तेव्हा रडले नाही," मावशी म्हणाल्या. "आभार मानत सुटले. थांबले असते तर कोसळले असते."

बायका गेल्यावर मावशींनी नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "छोटी कात्री दे." टीप उसवायला घेतली. डाव्या हाताने कापड ताणून धरता येईना, म्हणून मी धरलं. त्यांचा उजवा हात आणि माझा डावा, असं आम्ही दोघींनी मिळून ती गादी काढली, कापूस पिंजून सारखा केला आणि योग्य बाजूला बसवली. अंगुस्तान मी डब्यातून काढून पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, तशाच सुई टोचून घेत शिवत राहिल्या. बॉडीस अंगात घालून आल्या तेव्हा आरशात बराच वेळ बघत उभ्या होत्या. पुढे म्हणाल्या, "बुधवारी जाऊ. तू पण चल."

"मी नाही येणार."

"तुझ्याशिवाय मीही नाही जाणार," त्या म्हणाल्या, आणि त्यात दटावणी नव्हती. त्या चक्क घाबरल्या होत्या. म्हणून मी गेले. एवढंच कारण.

ती खोली होती तशीच. तेच बाक, खिडकीची तीच फुटकी काच. अंगुस्तान माझ्या खिशात होतं. का आणलं होतं, मला माहीत नाही. मावशी उठल्या तशा सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. नियम सगळ्यांना पाठ होता. मी खिशात हात घालून ते अंगुस्तान मुठीत घट्ट आवळून धरलं, जसं काही सोडलं तर ते आपलं आपण वाजेल.

"प्रभू," मावशी म्हणाल्या, "मला तुझा राग आलाय."

खाली गेलेल्या नजरा एकदम वर आल्या.

"खूप राग आलाय. मी तुझं काय वाकडं केलं होतं? रोज आरशात बघते आणि मला लाज वाटते. मला भीती वाटते, ते परत येईल म्हणून. रात्र रात्र वाटते. हे तुला सांगायचं होतं. मी तुला कधी सांगितलं नाही, आत्ता सांगतेय." त्या थांबल्या. आता बसतील असं मला वाटलं. पण त्या उभ्याच राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, दिवसभर घट्ट बांधलेलं काहीतरी कुणी सोडावं तसा. "आणि तू ऐकून घेतलंस. त्याबद्दल आभार. या बायांनी भलत्याच बाजूला शिवलेल्या गादीबद्दल आभार. आणि या पोरीबद्दल, जी शेजारी उभी राहिली आणि मला एकदाही आभार मान म्हणाली नाही."

मला वाटलं झालं. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"हिचं एक वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं. इथेच. त्या बाकावर वाजवून." त्यांनी बाकाकडे बोट केलं. "रोज आठवतं मला. हिला काजं करताना बघते आणि आठवतं. माफी मागायचं धाडस झालं नाही, कारण माफी मागितली तर तो टक चुकीचा होता हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग माझं सगळंच उसवलं असतं. पोरी, मला माफ कर. आता तुझं सांग. पूर्ण सांग. पहिल्यापासून."

विसरल्या नव्हत्या. दोन वर्षं मी त्या न विसरलेल्या बाईवर विसरल्याचा राग धरून बसले होते.

मी उठले. "माझं बाळ गेलं," मी म्हणाले, आणि थांबले, सवयीने. काही वाजलं नाही. म्हणून पुढे बोलले. झबल्यांचं सांगितलं, छातीत दाटलेल्या दुधाचं सांगितलं, नवरा भिंतीकडे तोंड करून झोपायचा ते सांगितलं. मुलगी होती हे सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही. बेकरीवाली ओंजळीत तोंड घालून रडत होती.

"नाव ठेवलं होतंस?" मावशींनी विचारलं.

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. इस्पितळात नाही, घरात नाही, नवऱ्याने नाही. ठेवलं होतं. पहिलं झबलं शिवतानाच मनाशी ठेवलं होतं. मी ते सांगितलं. इथे लिहीत नाही, ते त्या खोलीतल्या बायांना माहीत आहे.

मावशींनी डोळे मिटले. डावा हात अजून धड वर जात नव्हता तरी जमेल तितका उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मग माझ्या मुलीचं नाव घेऊन, अगदी नीट उच्चारून, म्हणाल्या, "प्रभू, ही तू आम्हाला दिली होतीस. थोडेच दिवस, पण दिली होतीस. हिच्याबद्दल तुझे आभार."

आणि माझ्या तोंडून आमेन निघालं.